फोर्कची हील ३ मि.मी. झिजली आहे: चालवायचे की बदलायचे?

स्टोअरवाली

नमस्कार मंडळी. आमच्या अडीच टनी डिझेल फोर्कलिफ्टची वार्षिक तपासणी यंदा माझ्या गळ्यात पडली आहे. मी मूळची स्टोअरची. व्हर्नियर धरता येतो, पण फोर्कमध्ये, म्हणजे माल उचलणाऱ्या त्या दोन काट्यांमध्ये, नेमकं काय बघायचं हे कुणी नीट सांगितलेलं नाही.

फोर्क १०७० मि.मी. लांब, १२२ रुंद आणि ४० जाड, असं कागदावर आहे. हीलपाशी, म्हणजे फोर्क वळतो त्या कोपऱ्यापाशी, जाडी मोजली तर डावा ३७ आणि उजवा ३७.५ भरला. गाडी सपाट जमिनीवर उभी करून बघितलं तर डाव्या फोर्कचं टोक उजव्यापेक्षा २४ मि.मी. खाली आहे. आणि डाव्या फोर्कच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे उभा भाग आडव्याला मिळतो तिथे, रंगावर एक बारीक आडवी रेघ आहे. रंग तडकलाय की पोलाद, समजत नाही.

सुपरवायझर म्हणतात, "तीन मिलिमीटरनं काय होतंय? वेल्डर बोलव आणि भरून घे." ऑपरेटर म्हणतो गाडी झकास चालते. सही मात्र माझी लागणार आहे. काय करू?

आर्गॉनभाऊ

ताई, एवढं घाबरण्यासारखं काही नाही. लो हायड्रोजन रॉड घ्यायचा, हील थोडी तापवायची, दोन-तीन रन मारायचे आणि ग्राइंडरने सपाट करायचं. अर्ध्या दिवसाचं काम. रेघेचा तडा निघालाच तर व्ही आकाराची खाच काढून आतून भरायचा. मी असे कितीतरी फोर्क भरून दिलेत, एकही परत आला नाही.

ग्रीस आणि गुण्या

भाऊ, परत आला नाही म्हणजे टिकला असं नाही. तुमच्याकडे आला नाही, एवढंच. वेल्डिंगचं नंतर बोलू.

ताई, झीज आणि टोकं राहू द्या बाजूला. आधी ती रेघ. तिचा निकाल लागेपर्यंत गाडी उभी करा, चावी काढून स्वतःकडे ठेवा आणि स्टिअरिंगला पाटी बांधा. "फक्त दोन पॅलेट उतरवून घेतो" म्हणणारा कुणीतरी येतोच, त्याला पाटी दाखवायची.

एवढा आग्रह का, ते सांगतो. फोर्क खालून झिजतो, पण तडा आतून जातो. माल चढला की आडवं ब्लेड खाली वाकायला बघतं आणि आतला कोपरा उघडायला बघतो. सगळा ताण त्या गोलाईत. प्रत्येक पॅलेटला तो कोपरा थोडा ओढला जातो आणि सुटतो, ओढला जातो आणि सुटतो. पोलाद थकतं ते तिथे. गुडघ्यावर बसून खालून हील बघणाऱ्याला झीज दिसते, तडा कधीच दिसत नाही. तुम्ही वरून आतल्या कोपऱ्यात बघितलंत, हे निम्म्या तपासणीवाल्यांना सुचत नाही.

आता तपासायचं कसं. फोर्क गाडीवर ठेवूनही करता येतं, पण काढून केलेलं बरं. बहुतेक कॅरेजच्या, म्हणजे फोर्क ज्या चौकटीवर अडकवलेले असतात तिच्या, खालच्या पट्टीला मधोमध खाच असते. फोर्क सरकवत तिथे आणला की फोर्कचा खालचा हुक मोकळा होतो. त्याआधी फोर्कखाली लाकडी ठोकळे द्या, आणि दोन माणसांनी हातानं उचलायचा विचारही नको. या मापाचा एक फोर्क ५० किलोच्या वर जातो, बोट सापडलं तर बोट उरत नाही.

कोपऱ्यातला रंग, ग्रीस, धूळ वायर ब्रश आणि पेंट रिमूव्हरने काढा, थेट धातूपर्यंत. ग्राइंडर लावू नका. ग्राइंडरनं वरचा धातू सारवला जातो आणि बारीक तडा बुजतो, मग कितीही तपासा, सापडत नाही. नंतर डीपी टेस्ट करा, म्हणजे डाय पेनिट्रंट, रंग झिरपवून तडा शोधायची चाचणी. आधी क्लीनर, मग लाल डाय, डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ थांबायचं, मग वरचा डाय फडक्यानं पुसायचा. क्लीनर थेट फवारायचा नाही, तड्यातला डायसुद्धा धुतला जातो. फडक्याला लावून पुसायचं. शेवटी पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ थर. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते आणि हळूहळू रुंद होत जाते. रंगच तडकला असेल तर काही उमटत नाही. एमपीआय (चुंबक आणि लोहचूर्णानं तडा शोधायची तपासणी) करणारा माणूस मिळत असेल तर आणखी चांगलं, पण डीपीवर भागतं.

बाटली उघडलीच आहे तर वरच्या आणि खालच्या हुकांच्या वेल्डवरही मारा. तडे जायची दुसरी जागा तीच.

तडा निघाला तर पुढचं काही मोजायची गरज नाही, फोर्क बाद. आणि बाद जोडीनं करायचे, एकटा नाही. एक नवा आणि एक झिजलेला लावला की पॅलेट तिरपी बसते आणि माल सारखा वाटला जात नाही.

स्टोअरवाली

काका, खूप आभार. गाडी उभी केली, सुपरवायझर रुसलेत. उद्या फोर्क काढतोय. पण झीज किती चालते ते सांगाल का? ३ मि.मी. मला तरी कमीच वाटतात.

ग्रीस आणि गुण्या

रुसू देत.

झिजेची हद्द मूळ जाडीच्या १० टक्के. आयएसओ ५०५७ हे मानक चालू वापरातल्या फोर्कच्या तपासणीसाठीच आहे, त्यात हेच आहे. ४० चा फोर्क ३६ ला आला की संपला. हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते. ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.८१. जाडी १० टक्के गेली तर ताकद १९ टक्के गेली. तुमच्या ३७ ला साडेचौदा टक्के आत्ताच गेलेली आहे. "तीन मिलिमीटरनं काय होतंय" याचं उत्तर हे असं आहे, साहेबांना कागदावर करून दाखवा.

पण तुमचे ३७ मला पटलेले नाहीत. दोन कारणं.

एक, मूळ जाडी कागदावरून घेऊ नका. शँकवर, म्हणजे उभ्या भागावर, जमिनीला किंवा मालाला कधी न घासलेली जागा असते. तिथला रंग काढून मोजा. ती तुमची खरी मूळ जाडी. फोर्क कधीतरी बदललेले असतील तर कागद जुन्यांचा असतो.

दोन, व्हर्नियरचा जबडा सपाट असतो आणि झिजलेली हील सपाट नसते. जबडा उंचवट्यावर बसतो आणि जाडी जास्त दाखवतो. त्यातून झीज एकसारखी नसते, बहुधा एक कड जास्त जाते. खालून बोट फिरवून बघा, एका कडेला धारदार ओठ आलेला लागेल. हातमोजा घालून फिरवा. मधे आणि दोन्ही कडांना, तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी आकडा धरा. मोजायची जागाही ठरलेली आहे: कोपऱ्याची गोलाई संपून ब्लेड सरळ होतं तिथे. टोकाकडे जाऊ नका. ब्लेड टोकाकडे मुद्दाम निमुळतं केलेलं असतं, तिथली जाडी बघून गेल्या खेपेला एकानं इथेच "फोर्क अर्धा झिजला" म्हणून धागा काढला होता.

फोर्कसाठी वेगळं कॅलिपर मिळतं, ते वारंवार तपासणी करणाऱ्यानं घ्यावंच. त्याचे बाहेरचे जबडे शँकवर जुळवायचे आणि तसंच उचलून आतल्या जबड्यांनी हील बघायची. आतले जबडे बरोबर ९० टक्क्यांवर बेतलेले असतात. हील त्यांच्यातून आत गेली की फोर्क बाद. आकडेमोडही नाही आणि वादही नाही.

टोकांचं. फरक ब्लेडच्या लांबीच्या ३ टक्क्यांपर्यंत चालतो. १०७० ला ३२ मि.मी. तुमचे २४ हद्दीत आहेत, पण मी तरी ते सोडून देणार नाही. दोष फोर्कचा की गाडीचा हे आधी कळायला हवं, आणि ते कळायची युक्ती सोपी आहे: दोन्ही फोर्कची अदलाबदल करा. माल न चढवता, मास्ट (कॅरेज ज्यावर वर-खाली जाते तो खांब) उभा ठेवून, फोर्क मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर. खाली असलेलं टोक फोर्कबरोबर उजवीकडे गेलं तर फोर्क वाकलाय. डावीकडेच राहिलं तर फोर्कला दोष देऊ नका. कॅरेज, चेन नाहीतर टायर बघा. तडा निघालेला असला तरी रिकाम्या गाडीवर एवढं करून घ्या, नाहीतर नवे फोर्कही तसेच तिरपे बसतील.

कोन बघायला गुण्या पुरतो. एक पाय शँकच्या पुढच्या बाजूला टेकवा, दुसरा ब्लेडच्या वरच्या बाजूवर. उतार खालून दिलेला असतो, वरची बाजू सपाट असते, म्हणून वरूनच. ९० चा कोन ९३ च्या पुढे गेला की फोर्क काढायचा. ३ अंश म्हणजे ३०० मि.मी. लांबीवर जवळपास १६ मि.मी. फट. कोपऱ्याची गोलाई गुण्याच्या कोपऱ्यात अडते, तेव्हा दोन्ही पायांखाली सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवा.

आर्गॉनभाऊ

काका, माझं एक उत्तर द्या. वेल्ड नको असा तुमचा सूर दिसतोय, मग फोर्कचे हुक काय देवानं चिकटवले? तेही वेल्डच आहेत. कारखान्यातला वेल्ड चालतो आणि आमचा नाही?

ग्रीस आणि गुण्या

प्रश्न बरोबर आहे, टोमण्यासकट.

फोर्क साध्या एमएसचा, म्हणजे माइल्ड स्टीलचा, नसतो. मिश्रधातूचं पोलाद असतं आणि त्याला हार्डनिंग-टेम्परिंग केलेलं असतं. ताकद पोलादात जितकी, तितकीच त्या उष्णतेच्या प्रक्रियेत. हुकांचं वेल्डिंग कारखाना आपल्या ठरलेल्या पद्धतीनं करतो, तापमान आणि रॉड सगळं ठरलेलं, आणि नंतर नमुन्याच्या फोर्कला भार देऊन तपासतो. तुम्ही हील भरता तेव्हा सगळ्यात जास्त ताणाच्या जागी आर्क लावता. वेल्डच्या शेजारची पट्टी पटकन थंड होऊन काचेसारखी ठिसूळ होते आणि तिच्या पलीकडची मऊ पडते. वरून जाडी ४० दिसते, कॅलिपर पास म्हणतं, तपासणारा सही करतो. झिजलेला ३७ चा फोर्क निदान आपली अवस्था लपवत नाही. म्हणून मानकात स्पष्ट आहे की तडा आणि झीज वेल्डिंगनं दुरुस्त करायची नाही.

गॅसवर लाल करून फोर्क सरळ करणाऱ्यांनाही हेच लागू. सरळ करणं नियमात बसतं, पण ते उत्पादकानं किंवा तितक्याच जाणकारानं करायचं, नंतर उष्णतेची प्रक्रिया पुन्हा द्यायची आणि मग भार चाचणी. फोर्कवर कोरलेल्या क्षमतेच्या अडीचपट. म्हणजे १२५० किलोच्या एका फोर्कला ३१२५ किलो, हळूहळू, झटका न देता. ते करणारी सोय असेल तर भाऊ, तुमच्याकडून मीच करून घेईन.

आणि फोर्कला भोक पाडणं, कडी वेल्ड करणं, साखळी अडकवायला हुक लावणं, हे सगळं त्याच खात्यात. ज्याला उचलायला कडी हवी त्यानं जोडणी म्हणून मिळणारी कडी घ्यावी, आणि ती लावल्यावर गाडीची क्षमता किती उरते ते आधी विचारावं.

रात्रपाळीचा ऑपरेटर

मी चालवणारा माणूस, तर माझ्या बाजूनं. हील झिजते ती काही मालानं नाही, जमिनीनं. रिकामी गाडी पळवताना फोर्क टेकवून ओढत न्यायची सवय असते बऱ्याच जणांना, आवाज ऐकला की कळतं. रिकामी असो की भरलेली, जमिनीपासून १०-१५ सेंटिमीटर वर आणि मास्ट थोडा मागे कललेला, असंच न्यायचं. दुसरं, पॅलेट हलत नसेल तर टोक घालून टिल्टनं, म्हणजे मास्ट कलवून, उचकटतात. टोकं वाकतात ती अशी. पॅलेटमध्ये अर्धे फोर्क असताना गाडी वळवणारे तर वेगळेच.

ताई, गोदामाच्या फरशीवर बघा. घासल्याच्या दोन समांतर रेघा दिसल्या तर सवय चालवणाऱ्याची. एकच रेघ दिसली तर गाडी एका बाजूला बसलीय.

ग्रीस आणि गुण्या

फरशीची गोष्ट लाख मोलाची. मी तपासणीला गेलो की आधी फरशी बघतो, मग गाडी.

स्टोअरवाली

निकाल घेऊन आले आहे.

डाव्या फोर्कच्या कोपऱ्यात लाल रेघ उमटली. आधी केसाएवढी, डेव्हलपर वाळला तशी ठसठशीत, १८ मि.मी. लांब. सुपरवायझरना बोलावून दाखवली. ते वाकून बराच वेळ बघत राहिले आणि "नवे मागव" म्हणाले, वाद संपला.

शँक मोजला तर ४० च निघाला. हील मधे ३७, पण डाव्याच्या बाहेरच्या कडेला ३५.६. काकांनी म्हटलेला तो ओठ नेमका तिथेच होता. उजव्यात सगळ्यात कमी ३६.८ आणि तडा नाही.

अदलाबदल केली. खालचं टोक डावीकडेच राहिलं. आणि हो, फरशीवर एकच रेघ आहे.

ग्रीस आणि गुण्या

छान काम केलंत. मग नवे फोर्क यायच्या आत गाडीचं निदान करून घ्या, नाहीतर नवी हीलसुद्धा त्याच रेघेवर घासेल.

या क्रमानं बघा. पुढचे टायर: डाव्याचा व्यास उजव्यापेक्षा कमी आहे का? मास्टचा सगळा भार पुढच्या ॲक्सलवर, त्यामुळे टायर जितका झिजला तितकी ती बाजू खाली. हवेचा असेल तर आधी हवा बघा. मग चेन. दोन्ही चेनचा ताण अंगठ्यानं दाबून सारखा लागतो का? एक सैल असेल तर कॅरेज त्या बाजूला झुकते. चेनची वाढही मोजा: पुलीवरून जाणारा भाग जास्त झिजतो, तिथेच मोजायचं, अँकरजवळ नाही. १५.८७५ मि.मी. पिचच्या (दोन पिनांमधलं अंतर) चेनला २० पिचची लांबी ३१७.५ हवी. ३ टक्के वाढ म्हणजे ३२७, तिथे चेन संपली. ताणलेल्या चेनचा नट आवळून कॅरेज वर घेणं हा इलाज नव्हे. मग कॅरेजचे रोलर, आणि शेवटी कॅरेजची वरची पट्टी. वरचा हुक जिथे बसतो ती जागा एका बाजूला दबलेली असेल तर तो फोर्क खाली आणि ढिला बसतो. जुन्या फोर्कच्या वरच्या हुकाची आतली बाजूही त्याच नजरेनं बघा.

स्टोअरवाली

डाव्या चेनचा नट ढिला होता, लॉकनटच नव्हता. चेन ३२० भरली, टायर ठीक. नट नीट केल्यावर फरक ५ मि.मी. वर आला.

शेवटचे दोन प्रश्न. नवे मागवताना काय काय लिहू? आणि उजवा फोर्क जेमतेम हद्दीत आहे, तो हलक्या कामाला ठेवला तर?

ग्रीस आणि गुण्या

मागवताना नुसतं "१०७० चे फोर्क" लिहू नका. लांबी, रुंदी, जाडी. प्रत्येक फोर्कची क्षमता आणि ती कोणत्या लोड सेंटरला, म्हणजे शँकपासून मालाच्या गुरुत्वमध्यापर्यंतच्या किती अंतराला. आणि कॅरेजचा वर्ग. जोडीची क्षमता गाडीच्या क्षमतेहून कमी नको, म्हणजे तुम्हाला प्रत्येकी किमान १२५० किलो, ५०० मि.मी. लोड सेंटरला. कॅरेजची वरच्या ते खालच्या कडेची उंची मोजा: ४०७ असेल तर वर्ग २, ५०८ असेल तर वर्ग ३. वर्गाबरोबर ए की बी तेही लिहा. बीमध्ये ब्लेड खालच्या हुकापासून जास्त खाली लोंबतं. एच्या जागी बी आला तर बसतो व्यवस्थित, पण हील लगेच जमिनीला लागते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आल्यावर शँकवरचा शिक्का वाचता येतो का बघा. शिक्का नसलेला, नुकताच जाड रंग मारलेला "जवळजवळ नवा" फोर्क दारातूनच परत करा. लॉकपिन (फोर्कला कॅरेजवर जागच्या जागी धरणारी) वर उचलून सोडा, स्प्रिंगनं टक्कन खाचेत बसली पाहिजे. आणि कॅरेजच्या दोन्ही टोकांचे स्टॉपर बोल्ट जागेवर आहेत ना, ते बघा. मोठी तपासणी वर्षातून एकदा ही कमीत कमी, तीही एका शिफ्टसाठी. दोन-तीन शिफ्ट चालत असतील तर तीन-तीन महिन्यांनी करा. पिन, टोकं आणि आतला कोपरा मात्र रोज, गाडी सुरू करायच्या आधी.

उजवा ठेवू नका. हलकं काम ठरवणारा माणूस सुट्टीवर गेला की तोच फोर्क अडीच टनाला लागतो. दोन्ही फोर्क हीलमधून गॅसनं कापा, हुक वेगळे करा आणि मगच भंगारात टाका. अख्खा फोर्क भंगारात गेला तर रंग मारून कुणाच्या तरी गाडीवर चढतो. नवे बसवायच्या आधी शँकची जाडी मोजून रजिस्टरला लिहा, तारखेसकट. पुढच्या वर्षी सही कुणाचीही असो, मूळ जाडी किती यावर वाद नको.